तळवासी प्राण्यांवरून नदीजलाची परीक्षा
(नाशिकच्या गोदावरीच्या संदर्भात)

नदीचे पाणी चांगले की वाईट हे ठरविण्याची रूढ रीत अशी की, नदीतून बाटलीभर पाणी घ्यावे, ते प्रयोगशाळेत न्यावे आणि त्यात विरघळलेला प्राणवायू किती, कुजणारे सेंद्रिय द्रव्य किती, जंतू किती याचे मापन करावे. ही रीत आवश्यक आहे आणि तिच्यावाचून कोणत्याही नगराचे चालणार नाही. परंतु तिला एक मर्यादा आहे. वाहत्या नदीतून घेतलेले पाणी हे त्या क्षणाचे पाणी असते. सकाळी नऊ वाजता भरलेली बाटली आदल्या रात्री काय वाहून गेले ते सांगत नाही, आणि गेल्या तीन महिन्यांत नदीवर काय गुदरले ते तर मुळीच सांगत नाही.

गोदावरीच्या बाबतीत ही मर्यादा विशेष जाणवते. ब्रह्मगिरीवर उगम पावून त्र्यंबकेश्वराजवळून वाहणारी ही नदी गंगापूरच्या धरणात अडविली जाते. १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या या मातीच्या धरणानंतर नाशिक शहरातून जे पाणी वाहते ते बव्हंशी धरणातून सोडलेले, पावसाळ्यात वरून आलेले आणि शहराच्या नाल्यांतून व उपनद्यांतून मिळालेले, अशा तीन प्रकारच्या पाण्याचे मिश्रण असते. या तिहींचे प्रमाण दररोज, कित्येकदा दर प्रहरी बदलते. दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात रामकुंडावर लक्षावधी लोक स्नान करतात, तेव्हा वरून पाणी सोडून प्रवाह वाढविला जातो. २०१५ च्या सिंहस्थात पर्वस्नानासाठी गंगापूर धरणातून पाणी सोडण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढेही गेला होता. असे पाणी सोडले असता त्या दिवशीच्या बाटलीतील पाणी सुधारलेले दिसणे स्वाभाविक आहे. पण नदी सुधारली की केवळ त्या दिवसाचे पाणी सुधारले, हा प्रश्न शिल्लकच राहतो. त्याचे उत्तर मिळविण्यासाठी पाण्याकडे नव्हे, तर पाण्याखालच्या दगडांकडे पाहावे लागते.

तळवासी प्राणी म्हणजे कोण?

ओढ्यातील एखादा दगड उचलून उलटा केला तर त्याच्या खालच्या बाजूस चिकटलेले लहान लहान जीव दिसतात. काही चपटे व चपळ असतात, काही वाळूच्या कणांची नळी करून तीत राहतात, तर काही बारीक तांबड्या दोऱ्यांसारखे चिखलात वळवळतात. पाठीचा कणा नसलेल्या, नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या आणि आयुष्याचा सारा किंवा मोठा भाग नदीच्या तळाशी घालविणाऱ्या या प्राण्यांस तळवासी अपृष्ठवंशी प्राणी असे म्हणतात. गोगलगायी, शिंपले, खेकडे, जळवा, गांडुळांच्या जातकुळीतील पाण-कृमी आणि मुख्यतः अनेक कीटकांचे डिंभ म्हणजे अळी-अवस्थेतील रूपे यांचा त्यांत समावेश होतो. आपण ज्यांस उडताना पाहतो ते चतुर आणि टाचण्या यांचे बालपणही पाण्यातच जाते.

जलपरीक्षेच्या दृष्टीने या प्राण्यांच्या ठिकाणी तीन गुण एकत्र आले आहेत. पहिला असा की ते फार दूर जाऊ शकत नाहीत. पाणी बिघडले तर मासा वर किंवा खाली निघून जाईल, परंतु दगडाला धरून राहणाऱ्या डिंभाला जे येईल ते सोसावे लागते, नाहीतर मरावे लागते. दुसरा गुण असा की ते काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत, आणि काही जातींत वर्षाहूनही अधिक काळ, एकाच जागी जगतात. म्हणून आज सापडलेला प्राणी हा त्या जागी गेल्या कित्येक आठवड्यांत जगणे शक्य होते याचा पुरावा असतो. तिसरा गुण असा की सर्वांची सहनशक्ती सारखी नसते. एकाला जे पाणी मारक तेच दुसऱ्याला मानवते. यामुळे कोण आहे आणि कोण नाही, या दोहोंच्या ताळेबंदावरून पाण्याची अवस्था काढता येते.

सहनशक्तीचा भेद कशामुळे?

या भेदाचे मुख्य कारण प्राणवायू हे होय. हवेच्या तुलनेने पाण्यात प्राणवायू अत्यल्प मावतो. समुद्रसपाटीच्या दाबाखाली २० अंश सेल्सियस तपमानाच्या स्वच्छ गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना हे प्रमाण सुमारे साडेसात मिलिग्रॅमवर येते. नाशिक समुद्रसपाटीपासून उंचावर असल्याने तेथे ते आणखी थोडे कमी भरते. या तुटपुंज्या साठ्यात मैलापाणी मिसळले म्हणजे त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजविणारे सूक्ष्म जंतू वाढतात आणि तेच प्राणवायू संपवू लागतात.

एफेमेरॉप्टेरा गणातील कीटक इंग्रजीत मे-फ्लाय या नावाने ओळखले जातात. प्रौढपणी ते फार तर दिवस-दोन दिवस जगतात, परंतु त्यांचे डिंभ दीर्घकाळ पाण्यात असतात. पोटाच्या दोन्ही अंगांस असलेल्या नाजूक पानांसारख्या कल्ल्यांनी ते श्वसन करतात. यांपैकी हेप्टाजेनिडी कुलातील डिंभ अंगाने चपटे असून खळाळत्या पाण्यातील दगडांना बिलगून राहतात. त्यांना भरपूर प्राणवायू आणि गाळ न साचलेला दगड ही दोन्ही लागतात. त्यांतील एक गेले तरी ते नाहीसे होतात.

याच्या उलट कायरोनोमिडी कुलातील, डासासारख्या परंतु न चावणाऱ्या माश्यांच्या काही अळ्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असते, व त्यामुळे त्या तांबड्या दिसतात. ज्या द्रव्याच्या बळावर मनुष्याचे रक्त प्राणवायू वाहून नेते तेच द्रव्य या अळ्यांना प्राणवायूच्या दुष्काळात तगवून धरते. ट्युबिफेक्स नावाचे कृमी याहूनही चिवट असतात. ते डोके चिखलात खुपसून शेपूट वर पाण्यात हलवीत ठेवतात आणि उरलासुरला प्राणवायू ओढून घेतात. मैलापाण्याच्या नाल्याच्या तोंडाशी काळ्या चिखलावर तांबूस मखमल पसरल्यासारखी दिसते, ती पुष्कळदा या कृमींच्या दाट वस्तीची असते. त्यांना घाण आवडते असे म्हणणे पूर्णतः खरे नव्हे. सेंद्रिय अन्न विपुल असते आणि स्पर्धा करणारे व भक्षण करणारे इतर प्राणी तेथून हद्दपार झालेले असतात, म्हणून त्यांची संख्या बेसुमार वाढते.

यावरून एक नियम निघतो. सांडपाण्याने दूषित झालेल्या नदीत प्राण्यांची संख्या घटतेच असे नाही. ती कित्येकदा वाढते. घटतात ते प्राण्यांचे प्रकार.

पद्धतीचा विकास

जिवांच्या वस्तीवरून पाण्याची प्रत ठरविण्याची कल्पना जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सोन या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पद्धतशीरपणे मांडली. १९०८ मध्ये वनस्पतींच्या व १९०९ मध्ये प्राण्यांच्या याद्या देऊन त्यांनी नदीचे, कुजण्याच्या क्रियेच्या तीव्रतेनुसार, पट्टे पाडले. सांडपाणी मिळते त्या जागेपासून खाली जाता जाता नदी स्वतःला हळूहळू शुद्ध करते आणि त्या क्रमाने तिच्यातील जीवही बदलतात, हे त्यांच्या विवेचनाचे सार होय. पुढे इंग्लंडमधील ट्रेंट नदीसाठी वुडिविस यांनी १९६४ मध्ये तळवासी प्राण्यांवर आधारलेला निर्देशांक प्रसिद्ध केला. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये नेमल्या गेलेल्या कार्यगटाने प्रत्येक कुलाला त्याच्या संवेदनशीलतेनुसार १ ते १० असे गुण दिले. ही गुणपद्धती सोपी असल्याने तिचा पुष्कळ ठिकाणी अंगीकार झाला.

भारतात यमुना नदीवर नेदरलँड्सच्या सहकार्याने झालेल्या अभ्यासातून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने याच धर्तीवर जैविक जलगुणवत्तेचे निकष सिद्ध केले. त्यात दोन अंक काढावयाचे असतात. पहिला संवेदनशीलतेचा गुणांक व दुसरा विविधतेचा गुणांक. या दोहोंवरून पाण्याचे स्वच्छ, किंचित दूषित, मध्यम दूषित, अति दूषित आणि तीव्र दूषित असे पाच वर्ग पाडून नकाशावर ते अनुक्रमे निळ्या, फिक्या निळ्या, हिरव्या, नारिंगी व तांबड्या रंगांनी दाखवितात.

या विषयाचा पाया महाराष्ट्रात त्याही पूर्वी घातला गेला होता. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेची स्थापना १९१६ मध्ये झाली. तिचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी १९१९ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यातील काही लहान ओढ्यांच्या प्राणिसृष्टीवर विस्तृत लेख लिहिला. तो जलप्रदूषणासाठी लिहिलेला नव्हता. परंतु निर्मळ ओढ्यात कोण राहते हे ठाऊक असल्याखेरीज मलिन नदीतून कोण गेले हे कळत नाही, या दृष्टीने अशा नोंदींचे मोल मोठे आहे.

गुणांक कसा काढावा?

साधने थोडी लागतात. अर्ध्या मिलिमीटर छिद्रांचे जाळे प्रवाहाच्या खालच्या अंगास धरावे आणि त्याच्या पुढच्या तळातील दगड-वाळू पायाने ठराविक वेळ ढवळावी. सुटलेले प्राणी प्रवाहाबरोबर जाळ्यात येतात. मोठे दगड हाताने उचलून धुऊन घ्यावे, काठची मुळे व पाणवनस्पती झटकाव्या. गोळा झालेला ऐवज पांढऱ्या तबकात पाणी घालून पसरला म्हणजे प्राणी हालचालीवरून ओळखू येतात. ओळख कुलापर्यंत पटली तरी काम भागते. जातीपर्यंत जाण्याची गरज पडत नाही. साधे भिंग आणि काही आठवड्यांचा सराव यांच्या बळावर महाविद्यालयीन विद्यार्थी हे काम करू शकतो.

पद्धती स्पष्ट व्हावी म्हणून दोन कल्पित नमुने घेऊ. पहिल्यात सात कुले सापडली असे समजू. मे-फ्लायपैकी हेप्टाजेनिडी (१०), लेप्टोफ्लेबिडी (१०) व बीटिडी (४). चतुरांपैकी गोम्फिडी (८). टाचण्यांपैकी सीनाग्रिओनिडी (६). दगडांमध्ये जाळे विणून अन्न गाळणारे हायड्रोसायकिडी (५). आणि कायरोनोमिडी (२). एकूण गुण ४५ झाले. त्यांस ७ ने भागता ६.४ हा गुणांक येतो. दुसऱ्या नमुन्यात बीटिडी (४), लिम्निडी कुलातील गोगलगायी (३), कायरोनोमिडी (२) आणि ट्युबिफेक्सादी कृमी (१) एवढेच मिळाले. एकूण गुण १०, कुले ४, गुणांक २.५.

विविधतेसाठी तबकातील प्राणी न निवडता एकेक करून उचलावे. नंतरचा प्राणी आधीच्यासारखाच असेल तर तीच रांग चालू धरावी, वेगळा निघाला तर नवी रांग मोजावी. रांगांच्या संख्येस प्राण्यांच्या संख्येने भागले की विविधतेचा गुणांक मिळतो. पहिल्या नमुन्यात २० प्राण्यांत १४ रांगा झाल्या तर ०.७, दुसऱ्यात कृमीमागून कृमीच येत राहून ५ रांगा झाल्या तर ०.२५. केंद्रीय मंडळाच्या कोष्टकानुसार पहिला नमुना किंचित दूषित वर्गात आणि दुसरा अति दूषित वर्गात पडतो. दोन अंकांची गरज का, हेही येथे ध्यानात येईल. संवेदनशीलतेच्या अंकाच्या सीमा मध्यम वर्गासाठी ३ ते ६ आणि अति दूषित वर्गासाठी २ ते ५ अशा एकमेकींवर येतात. तेथे निवाडा विविधता करते.

नाशिकचा प्रवाह

ही पद्धती गोदावरीस लावावयाची तर स्थानांची निवड विचारपूर्वक करावी लागेल. प्रथम तुलनेसाठी निर्मळ स्थान हवे. ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या उतारावरील वस्तीच्या वरचे ओढे, किंवा इगतपुरीच्या बाजूस दारणेच्या उगमाकडचे प्रवाह त्या कामी येऊ शकतात. तेथील काळ्या पाषाणाचे गोटे आणि खळाळ हेच शहरातील मूळ नदीपात्राचेही स्वरूप होते. धरणाचा जलाशय मात्र तुलनेत घेता येणार नाही. संथ व खोल पाण्यातील मऊ गाळात ओढ्यातील प्राणी प्रदूषण नसतानाही आढळत नाहीत.

त्यानंतर धरणाखाली शहराच्या वरच्या अंगास आनंदवल्लीकडे एक, रामकुंड परिसरात एक, नासर्डीच्या संगमाच्या वर व खाली एकेक, आणि पुढे दसक-पंचकच्या खाली एक अशी स्थाने घेणे इष्ट होईल. नासर्डी, जिला नंदिनी असेही म्हणतात, ती सातपूर-अंबड या औद्योगिक वसाहतींच्या भागातून येते. संगमाच्या वर व खाली मिळणाऱ्या प्राण्यांतील फरक हाच त्या उपनदीच्या भाराचा हिशेब होय. शेवटचे स्थान नांदूर मधमेश्वराच्या जलाशयाच्या वरच्या वाहत्या भागात असावे. पक्ष्यांच्या या विख्यात पाणथळाची पुढे रामसर यादीत नोंद झाली असून ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होय. तेथे येणाऱ्या कित्येक पाणपक्ष्यांचे अन्न याच तळवासी प्राण्यांपैकी असते, म्हणून शहरातील नाल्यांचा प्रश्न पक्ष्यांच्या ताटापर्यंत पोहोचतो.

ऋतूचा विचारही सोडता येणार नाही. पावसाळी पुरात दगड उलथेपालथे होऊन प्राणी वाहून जातात. अशा वेळी रिता तळ पाहून प्रदूषणाचा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. पूर ओसरल्यावर वस्ती पुन्हा बसण्यास काही आठवडे द्यावे लागतात. म्हणून हिवाळ्याचे महिने नमुन्यांस सर्वांत योग्य. उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्यांचा अर्थही वेगळा लावावा लागतो.

सिंहस्थासारख्या प्रसंगी या पद्धतीचा उपयोग स्पष्ट होतो. पर्वाच्या आधीच्या हिवाळ्यात आणि नंतरच्या हिवाळ्यात त्याच स्थानांवर नमुने घेतले तर २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी केलेल्या व्यवस्थेचे फळ टिकाऊ आहे की नाही ते ताडता येईल. मैलाशुद्धीकरण केंद्रे नीट चालली, नाले खरोखरच वळविले गेले, तर पुढील वर्षी दगडांखाली नवी कुले दिसू लागतील. केवळ पाणी सोडून प्रवाह वाढविला असेल तर तळाचा चिखल आणि त्यातील तांबड्या अळ्या जेथल्या तेथे राहतील.

मर्यादा

या पद्धतीकडून नको त्या प्रश्नाचे उत्तर मागू नये. तळवासी प्राणी रोगजंतूंविषयी काही सांगत नाहीत. स्नानास योग्य पाण्यासाठी प्राणवायू दर लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, जैवरासायनिक प्राणवायूची मागणी फार तर ३ मिलिग्रॅम आणि विष्ठाजन्य जंतूंची मर्यादा, असे निकष आहेत. त्यांची परीक्षा प्रयोगशाळेतच व्हावी लागते. चपटे डिंभ सापडले म्हणून ते पाणी तीर्थ म्हणून प्राशन करावे असा अर्थ कोणी काढू नये. तसेच प्राणी नाहीसे झाले हे तळ सांगतो, परंतु कोणत्या रसायनाने हे सांगत नाही. कारण शोधण्यास पुन्हा रसायनशास्त्राकडेच वळावे लागते. शिवाय गुणांची मूळ यादी थंड हवेच्या देशात तयार झालेली आहे. दख्खनच्या उष्ण, ऋतुमानानुसार वाहणाऱ्या नद्यांसाठी तिची स्थानिक पडताळणी व्हावयास हवी, आणि ते काम येथील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांच्या आवाक्यातील आहे.

तथापि एक मर्यादा निसर्गाची नसून मनुष्यकृत आहे. तळवासी प्राण्यांस तळ लागतो. रामकुंड परिसरात गोदावरीच्या पात्राचा तळ काँक्रीटने बांधून काढण्यात आला आणि पुढे तो मोकळा करण्याची मागणी नाशिककरांनी लावून धरली. या वादाची चर्चा बहुधा पात्रातील प्राचीन कुंडे व जिवंत झरे यांच्या अंगाने झाली, आणि ती योग्यच आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने त्यात एक मुद्दा जोडावा लागेल. सपाट काँक्रीटवर खळाळ नाही, दगडांच्या फटी नाहीत, वाळू नाही. म्हणून तेथे पाणी कितीही शुद्ध केले तरी संवेदनशील प्राण्यांची वस्ती होणे कठीण. अशा ठिकाणी गुणांक कमी आला तर दोष पाण्याचा की तळाचा, हे सांगता येत नाही. ज्या साक्षीदाराकडून नदीची हकीकत कळावयाची, त्याचेच घर तेथे मोडलेले असते.

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ मध्ये केला व त्यानुसार १९७० मध्ये राज्य मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा १९७४ मध्ये आला. म्हणजे नदीच्या शुद्धतेचा विचार या राज्यात नवा नाही. पाणी मोजण्याची व्यवस्था उभी आहे. तिच्या जोडीस वर्षातून दोनदा, ठरलेल्या स्थानांवर, ठरलेल्या पद्धतीने तळ वाचण्याची व्यवस्था झाली तर काही वर्षांत गोदावरीचा असा एक इतिहास तयार होईल, की जो कोणत्याही पर्वाच्या दिवशी पाणी सोडून बदलता येणार नाही. त्यासाठी लागणारा खर्च जाळे, तबक आणि भिंग एवढाच आहे. मात्र वाचावयास तळ शिल्लक ठेवला पाहिजे.